गिरवणे आणि लिहिणे

हल्ली रात्री साडेनऊच्या सुमारास पुष्कळ घरांतून एक नवी शाळा भरते. जेवणे आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, मुले अंथरुणावर पडलेली असतात. आणि घरातले कोणी तरी कानांत बोंडे खुपसून लॅपटॉपसमोर बसते. मास्तर असतात हार्वर्डचे, नाही तर आपल्याच एखाद्या आय.आय.टी.चे. हजेरी नाही, छडी तर नाहीच. विद्यार्थी मध्येच उठून दुधाला विरजण लावून आला, तरी मास्तर तोंड उघडे ठेवून जागच्या जागी थांबतात. असे गुरुजी आमच्या पिढीला मिळते, तर आणखी काय हवे होते!

शिकायचे काय, तर वेब डेव्हलपमेंट, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याची विद्या. नाव ऐकून बिचकू नका. हातातला हा दिवाळी अंकच पुढे धरा. मथळा कोणता, परिच्छेद कोठे सुरू होतो, चित्र कोठे बसते, हे सांगणे एचटीएमएलचे काम. मथळा जाड असावा, मजकूर दोन रकान्यांत बसावा, कडेला वेलबुट्टी असावी, हे सांगते सीएसएस. आणि छापील अंकाला जे कधीच जमणार नाही, म्हणजे वाचकाने बोट लावताच शब्दकोड्याचे उत्तर उघडावे, ते करून दाखवते जावास्क्रिप्ट. पहिल्या दोघी लवकर अंगवळणी पडतात. तिसरी रडवते.

ही विद्या घरबसल्या येऊ शकते, याला कारण आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती साऱ्या जगाला फुकट खुली करून टाकली. शिवाय कोणतेही पान ब्राउझरमध्ये उघडा, ते कसे रचले आहे हे त्याच्या मागेच पाहायला मिळते. सुगरणीने पंगत वाढून झाल्यावर 'या, आता चूलही पाहून जा' म्हणावे, तसा हा प्रकार. (कोठीघर, म्हणजे सर्व्हर, मात्र कुलूपबंद.) वकिली किंवा वैद्यकी अशी मागल्या दाराने पाहता येत नाही.

शिक्षकांचीही वाण नाही. २०१४ साली निघालेला फ्रीकोडकॅम्प, त्याच्या वर्षभर आधीचा ओडिन प्रोजेक्ट, मोझिलाचे एमडीएन हे संदर्भभांडार, सारे फुकट. आपल्याकडे एनपीटेल आहे, २०१७ पासून स्वयम् आहे. व्याख्याने ऐकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचे तर तेवढी फी.

मग अडते कोठे? अडते तडीला नेण्यात. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा अभ्यासक्रमांची मोजदाद २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन शेवटास गेले. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे मोजले होते, त्यांच्यातले मात्र शेकडा ४६. तिकीट काढले आहे म्हणून कंटाळवाणे नाटकही शेवटपर्यंत पाहणारे लोक सगळ्याच देशांत असतात!

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगतो. बी.कॉम. झालेल्या, बाळंतपणात नोकरी सुटलेली, धाकटा आता दुसरीत. एका क्लासने सहा महिन्यांचे दीड लाख सांगितले होते. वर 'हमखास नोकरी'. यजमान बिचारे थोरल्याच्या कॉलेजसाठी ठेवलेली ठेव मोडायला निघाले. दोघेही विचारायला आले, तेव्हा मी म्हटले, ठेव राहू द्या. आधी तीन महिने फुकटच्या मास्तरांकडे बसा.

वहिनी बसल्या. दोनशे पानी दोन वह्या भरल्या, प्रमाणपत्रे तीन मिळाली. मग एके दिवशी मास्तर बंद करून कोरे पान उघडले, तर एक ओळ सुचेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मास्तर करत होते तेव्हा सगळं कळत होतं हो!"

कळणारच. ते गिरवणे होते. मास्तरांनी पाटीवर काढून दिलेल्या 'ग'वरून पेन्सिल फिरवली की आपलाही 'ग' झोकात येतो. तो पुसल्यावर आपल्या हाताची खरी ओळख होते. या धंद्यात ह्या अवस्थेला 'ट्यूटोरियलचा नरक' म्हणतात. मला गिरवणे हाच शब्द पुरेसा वाटतो. बालवाडीतली पायरी आहे ती, नरक कशाला?

उपाय सासूबाईंकडून आला. त्या दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात. "एवढं शिकतेस, तर माझ्या चकल्यांचं एक पान कर," एवढेच त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी 'चकली' या शब्दाच्या जागी भलतीच विलायती चिन्हे उमटली. पान यूटीएफ-८ या लिपिसंकेतात आहे, हे वरच्या बाजूला लिहायचे राहिले होते. ते तासाभरात निस्तरले. खरी मौज पुढे झाली. प्रयोगाला दोनच जिन्नस घेतले, चकली २ किलो आणि करंज्या १ किलो. रुपयांचा हिशेब चोख आला. एकूण वजन मात्र आले २१ किलो! सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "एकवीस किलो तळणार कोण?"

दोन संध्याकाळी वहिनी त्या २१ मागे होत्या. रकान्यात भरलेला २ हा जावास्क्रिप्टच्या हाती आकडा म्हणून येत नाही, अक्षर म्हणून येतो. आणि दोन अक्षरांची बेरीज म्हणजे त्यांना शेजारी-शेजारी बसवणे. गुणाकारात मात्र ती बया त्याच अक्षरांना मुकाट्याने आकडे मानते, म्हणून दराचा हिशेब बरोबर येत होता. तिला 'हा नंबर आहे' असे स्पष्ट सांगताच वजन ३ किलो झाले. गंमत अशी की हा धडा वहिनींच्या पहिल्या वहीत, स्वच्छ अक्षरांत, तांबड्या शाईने अधोरेखित केलेला होता.

थोरला चिरंजीव म्हणालाच, "आई, चॅटजीपीटीनं हे पान मिनिटात केलं असतं." केले असते, आणि बहुधा नीटच केले असते. पण एखाद्या दिवशी तेही २१ किलो म्हणेल. तेव्हा ज्याने गिऱ्हाइकाचे पैसे घेतले आहेत, त्याला ते उलगडता यायला हवे. साधी पाने यंत्रेच लिहू लागल्यावर नुसते गिरवलेल्याला कोण विचारणार? 'हमखास नोकरी'वर ठेव मोडू नये, असे मला वाटते ते त्यामुळेच.

आणि एक. मुलगा रात्री लॅपटॉपवर बसला की घर दबक्या पावलांनी चालते; त्याचा अभ्यास असतो. आई बसली की ती रिकामी आहे असे समजून तिला चहा सांगतात. तिची हौस असते. वहिनींना महिनाभर सलग दीड तास असा मिळालाच नव्हता. शेवटी यजमानांनी ओटा आणि धाकट्याची गोष्ट आपल्याकडे घेतली. दीड लाखांच्या तुलनेत हे पुष्कळच स्वस्त पडले.

नोकरी अजून लागलेली नाही. अकरा ठिकाणी अर्ज गेले, दोघांनी उत्तर दिले, एकाने 'बी.कॉम.'च्या पुढे वाचलेच नाही. गल्लीतल्या दंतवैद्यांचे पान मात्र त्यांनी आठ हजारांत करून दिले, आणि ते पैसे थोरल्याच्या त्याच ठेवीजवळ ठेवले. सासूबाईंना यंदा पानावर अनारसे हवे आहेत. अनारसे किलोवर नव्हे, नगावर विकतात. तेव्हा हिशेबाचा तो भाग पुन्हा नव्याने लिहिणे चालू आहे.