शब्दांची ओळख : वाणिज्यदूत की वकील?

रायपूरच्या एखाद्या मराठी घरातला मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला, की पासपोर्ट-व्हिसाच्या धावपळीत एक जड शब्द कानावर पडतो – 'वाणिज्यदूत'. ऐकणाऱ्याला वाटते, हा व्यापाऱ्यांचा माणूस. नोकरदाराचा त्याच्याशी काय संबंध? पण संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

इंग्रजी 'कॉन्सल' मूळचा लॅटिन. प्राचीन रोममध्ये दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना 'कॉन्सल' म्हणत. पुढे भूमध्य समुद्रावरील बंदरांत परदेशी व्यापाऱ्यांचे तंटे सोडवणाऱ्या प्रमुखाला हे नाव मिळाले. मराठी प्रतिशब्दात 'वाणिज्य' आले ते त्यामुळे.

जुन्या मराठीचे काम मात्र 'वकील' या एकाच शब्दावर भागत असे. मूळ शब्द अरबी. अर्थ, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित इंग्रजांकडे होते, ते काही खटले चालवायला नव्हे! इंग्रजांकडूनही वकील येत. वॉरन हेस्टिंग्जने १७७८ साली अलेक्झांडर इलियटला नागपूर दरबारी धाडले. पण वाटेत छत्तीसगडातच, सारंगढजवळ, त्याचा मृत्यू झाला. पुढे 'वकील' कोर्टात स्थिरावला. त्याचा जुना अर्थ 'वकिलात' या शब्दात तेवढा उरला.

आज राजदूत दोन सरकारांमधले संबंध पाहतो, तर वाणिज्यदूत मुख्यतः आपल्या देशाच्या नागरिकांची कामे पाहतो. हरवलेला पासपोर्ट, परदेशातला मृत्यू, अटक, या साऱ्यांत त्याचीच गरज लागते. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटकेतील परदेशी नागरिकाला त्याचा हा हक्क विनाविलंब सांगावा लागतो. वाणिज्यदूत त्याला भेटू शकतो, त्याच्यासाठी वकील मिळवून देऊ शकतो. मात्र तो स्वतः खटला लढवत नाही.

कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताने हाच मुद्दा मांडला. बाजू मांडणारे वकील होते नागपुरात वाढलेले हरीश साळवे. पाकिस्तानने ही भेट नाकारून कराराचा भंग केला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला.

तेव्हा परदेशी निघणाऱ्याने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा फोन नंबर डायरीत लिहून घ्यावा, आणि त्याची एक प्रत आईवडिलांकडेही ठेवावी. अडचण आलीच, तर आधी वाणिज्यदूताला गाठावे. कोर्टातला वकील शोधायला तोच मदत करील.