कोईची लाखभर पिल्ले ठेवणार कुठे?

पहाटे अंगणातल्या हौदात एकदम खळबळ उडते. दोन-तीन नर एका मादीच्या मागे लागतात, तिला ढुशा देतात, आणि उजाडेपर्यंत पाणवनस्पतींच्या मुळांवर मोहरीएवढ्या चिकट अंड्यांचा थर बसलेला असतो. कोई हे शोभेचे मासे पाळणाऱ्या घरात त्या दिवशी आनंदीआनंद होतो. अडचण पुढेच आहे. कोईची मादी वजनाच्या किलोमागे साधारण लाखभर अंडी देते. त्यातली बरीच आईबापच खाऊन टाकतात, काहींना बुरशी लागते. पण अंडी वेगळ्या टाकीत हलवली, तर तीन-चार दिवसांत हजारो मत्स्यजिरे, म्हणजे इवलीशी पिल्ले, बाहेर पडतात.

ही सारी पिल्ले सुंदर निघतील, या भ्रमात राहू नये.

जपानच्या निइगाता प्रांतातले यामाकोशीचे शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतच लाल-पांढरे मासे निघू लागले आणि पिढ्यान् पिढ्या निवड करून कोई घडली. १९१४च्या टोकियो प्रदर्शनानंतर तिची कीर्ती जपानभर गेली. पांढऱ्यावर लाल नक्षीची कोहाकू, त्यात काळ्याची भर पडलेली सांके, काळ्या अंगावर लाल-पांढरे पट्टे मिरवणारी शोवा, ही त्या निवडीचीच फळे. २०१८मध्ये हिरोशिमाच्या लिलावात एका कोहाकूला २० कोटी ३० लाख येन मिळाले.

मात्र आईबापांची नक्षी पिल्लांत जशीच्या तशी उतरत नाही. म्हणून जपानी व्यावसायिक पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा निवड करतात आणि लाखो पिल्लांतून मोजकीच राखतात. शोवाची पहिली निवड तर पिल्ले फुटल्यावर काही दिवसांतच होते. हे काम डोळ्यांना आणि मनाला जड आहे. घरच्या हौशी माणसाला ते झेपत नाही. मग एकाच टाकीत पिल्लांची दाटी होते, अमोनिया वाढतो, प्राणवायू कमी पडतो आणि पिल्ले गुदमरून मरतात.

काहीजण त्यावर जवळच्या तलावाचा उपाय काढतात. वरकरणी दयाळू वाटणारा हा मार्ग सर्वांत घातक आहे. कोई म्हणजे रंगीत कार्पच; ती तळाचा चिखल उकरते, पाणी गढूळ करते, पाणवनस्पती उपटते. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग नद्यांमध्ये परक्या कार्पने मूळच्या माशांची जागा बळकावली आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागलेल्या कोई हर्पीस विषाणूने अनेक देशांत कोई आणि कार्पचे कळप संपवले. तलावात सोडलेला मासा दिसायला निरोगी असला, तरी असा रोग बरोबर नेऊ शकतो.

कोई अवश्य पाळावी. प्रजननही करावे, पण आधी पिल्लांसाठी स्वतंत्र टाकी, मुरलेला फिल्टर, डॅफ्निया किंवा आर्टेमियासारखे जिवंत खाद्य आणि पिल्ले बोटाएवढी झाल्यावर त्यांना घेणारी खात्रीची माणसे एवढी तयारी हवी. ती नसेल, तर अंडी दिसताच त्याच दिवशी काढून उन्हात वाळवावीत. आणि हौदात जागा उरली नाही म्हणून एकही मासा नदीत किंवा तलावात सोडू नये.