ओळखीवाचून अडू नये

प्रवेशाच्या याद्या लागल्या की पुण्यात स्वारगेटला आणि वाकडेवाडीला एसटीतून ट्रंका, वळकट्या आणि फराळाचे डबे उतरू लागतात. नांदेड, बीड, जळगाव, सोलापूर, कुठून कुठून मुले-मुली येतात. कोणी अभियांत्रिकीला, कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला, कोणी चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. हे शहर त्यांना आपले वाटणार की परके, हे बहुधा पहिल्या महिन्यातच ठरते. त्या महिन्याचा विचार मात्र शहराच्या नियोजनात अभावानेच होतो.

शहर दिलदार की तुसडे, याची चर्चा आपण नेहमी माणसांच्या स्वभावावरून करतो. त्यात थोडेफार तथ्य असेलही. पण गाडीतून उतरलेल्या नवख्याची पहिली गाठ पडते ती व्यवस्थेशी. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ संपता संपता वाकडेवाडीला हलवले गेले. पुणेकराला ते वर्तमानपत्रातून कळले. पहिल्यांदा येणाऱ्याला तिथे उतरल्यावर कळले. अशा वेळी पुढची बस कुठून सुटते हे सांगणारा ठळक फलक असला, तर रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहावे लागत नाही. रात्री पाठ टेकायला जागा, परवडणारे जेवण, नेमकी माहिती आणि पत्त्याचा एखादा कागद या चार गोष्टी ओळखीपाळखीवाचून मिळतात का, यावर शहराचा आपलेपणा जोखला पाहिजे.

मुंबईने लाखो लोकांना सामावून घेतले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यामागेही अशाच व्यवस्था होत्या. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेला माणूस गावाच्या खोलीत उतरे. एका खोलीत कितीतरी जण राहत. एक पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगार झाल्यावर. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या गावागावांचे कूड होते. पुढची बोट मिळेपर्यंत गोंयकार खलाशी तिथे थोडक्या पैशात राही आणि समुद्रावर जाताना आपली ट्रंक तिथेच ठेवून जाई. मात्र ही दारे गाववाल्याला उघडत. ज्याच्या गावचे कोणी मुंबईत नव्हते, त्याला बऱ्याचदा फुटपाथच गाठावा लागे.

खेड्यातल्या मुलाचे शिक्षण राहण्या-जेवण्याच्या सोयीवाचून अडते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात पुढचे पाऊल टाकले आणि सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू करून ग्रामीण भागातल्या गरजू मुलांची सोय केली. या साऱ्या वाटचालीची दिशा स्पष्ट होती. आधाराला आधी गावाची, जातीची अट होती. ती हळूहळू गळून पडत गेली.

आज ती अट मागच्या दाराने परत येते आहे. भाड्याची जागा शोधणाऱ्याला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. फॅमिली की बॅचलर? खाणे कसे? आडनाव काय? आडनाव ऐकल्यावर ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळाल्याचा अनुभव दलित आणि मुस्लिम तरुण वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. एकट्या मुलीची चौकशी तर तिच्या येण्याजाण्याच्या वेळांपर्यंत पोचते. डिपॉझिट आणि दलाली भरून कॉट बेसिसवर जागा मिळालीच, तरी करार हातात येईल याची खात्री नसते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पण नवख्याने तो मागितला तर जागाच हातची जाते. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून पुढची कामे खोळंबतात.

हा गुंता सोडवता येतो, याची उदाहरणे समोर आहेत. पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्र दाखवून मिळतो. २०२० पासून महाराष्ट्रातही लागू झालेल्या ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे अन्नसुरक्षेचा लाभार्थी मजूर गावचे कार्ड न बदलता शहरात धान्य उचलू शकतो. माणूस घर बदलतो, गाव बदलतो, हे गृहीत धरून नियम केला की किती त्रास वाचतो, हे यातून दिसते.

जुन्या रहिवाशांचीही बाजू आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पाणी अपुरे, रस्ते तुंबलेले, भाडी आवाक्याबाहेर, वैताग येणारच. पण या टंचाईचे मूळ रखडलेल्या नियोजनात आहे, ट्रंक घेऊन आलेल्या मुलात नाही. परप्रांतातून आलेल्यांनी मराठी शिकावे ही अपेक्षाही रास्तच आहे. मात्र समोरचा अडखळला की आपणच हिंदीवर जातो आणि त्याची शिकण्याची संधी हिरावून घेतो. मोडके मराठी धीराने ऐकून घेणे हेसुद्धा भाषेचेच काम आहे.

महापालिकांनी बस आणि रेल्वे स्थानकांवर माहिती केंद्रे चालवावीत. विद्यार्थिनींसाठी आणि नोकरदार महिलांसाठी वसतिगृहे वाढवावीत. कराराची नोंदणी भाडेकरूच्या हिमतीवर न सोडता प्रशासनाने ती तपासावी. गृहनिर्माण संस्थांनी जात, धर्म आणि एकटेपण या कारणांवरून जागा नाकारणे थांबवावे. कायद्याचा बडगा येण्याची वाट पाहू नये. यातले काहीही अशक्य नाही. ज्याचे शहरात कोणीच नाही, त्याचे काम सर्वांत आधी सोपे झाले पाहिजे. त्याच्यासाठी नीट चालणारे शहर इतर सर्वांसाठी आपोआप नीट चालते.