दगडफुलाचं माहेर

हिल स्टेशन म्हटलं की आपल्याला हवे असतात पाइन. उंच, सरळसोट, फोटोला एकदम सॉलिड! मार्चमध्ये अल्मोड्याहून बिनसरला जाताना आमच्या गाडीतले सगळे कॅमेरे त्यांच्यावरच रोखलेले. गाइड मात्र ढिम्म. त्याला दाखवायचा होता बांज, म्हणजे हिमालयातला ओक.

बिनसर हे कुमाऊंमधलं छोटंसं अभयारण्य, १९८८ सालचं. चढ चढता चढता पाइन मागे पडले आणि कुणीतरी एसी लावल्यासारखं वाटलं. बांज दिसायला हीरो वगैरे अजिबात नाही. वाकडातिकडा, शेवाळलेला, पानं वरून गडद हिरवी आणि खालून पांढुरकी. मधूनच लालभडक बुरांश. दाज्यूने (कुमाऊंनीत थोरला भाऊ, गाइडला सगळे हेच म्हणतात) आम्हाला चक्क मातीत हात घालायला लावले. वरचा पाचोळा कोरडा, पण खाली काळी, भुसभुशीत, ओली माती. पावसाचं पाणी ही माती स्पंजसारखं धरून ठेवते आणि खालच्या गावांतल्या झऱ्यांना सावकाश सोडते.

उतरताना पाइनखाली तोच प्रयोग. इथे नुसत्या सुया, त्यांना म्हणतात पिरूल. पाय सटासट घसरतात. राळेने भरलेल्या या सुया ऐन उन्हाळ्यात गळतात, त्यामुळे एक विडी पुरते. जाड सालीचा पाइन आगीतून तगतो, बांजाची रोपं जळतात आणि रिकाम्या जागी पुन्हा पाइनच उगवतो. इंग्रजांनी रेल्वेचे स्लीपर्स आणि टर्पेंटाइनसाठी पाइनला झुकतं माप दिलं, त्याची किंमत डोंगर अजून मोजतोय. जून २०२४ मध्ये याच बिनसरमध्ये वणवा विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले. त्याबद्दल विचारल्यावर दाज्यू बराच वेळ बोललाच नाही.

बांज चाऱ्यासाठी आणि जळणासाठीही तुटतो. गावातल्या बायकांना दोष देणं सोपं आहे, आपल्या घरी सिलिंडर येतो ना! पण झरा आटला तर हंडा घेऊन लांब जावं लागतं ते त्यांनाच.

एका फांदीवर करडी, झालरीसारखी काहीतरी वाढ होती. ‘झूला,’ दाज्यू म्हणाला. मंडळी, हे आपलं दगडफूल! नावात दगड असला तरी हिमालयात ते ओकच्या फांद्यांवरूनही गोळा होतं आणि मसाल्याच्या बाजारात येतं. तुमच्या आईच्या गोड्या मसाल्यात कदाचित बांजाचा वाटा असेल.

जायचं असेल तर काठगोदामपर्यंत ट्रेन, पुढे टॅक्सी. मार्चमध्ये बुरांश फुललेला मिळतो. स्थानिक गाइड घ्याच, आणि सुरुवातीलाच ‘बांज दाखवा’ म्हणून सांगा. नाहीतर तो तुम्हाला झीरो पॉइंटवरून नंदादेवी दाखवून परत आणेल.