खोली भाड्याची चालेल, नाव मात्र आपले हवे

स्वतःचे संकेतस्थळ काढायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो हाच, की स्वस्तात कुठे मिळेल? प्रश्न काही वावगा नाही. पगारदाराने आणि पेन्शनराने तो विचारलाच पाहिजे. पण सरकारी कचेरीत निविदा हाताळणाऱ्या कुठल्याही कारकुनाला ठाऊक असते, की पहिल्या पानावर असतो तो दर आणि अटींच्या पानावर असतो तो खर्च. होस्टिंगचेही नेमके तसेच आहे.

हा विषय निघाला तो चिकोडीच्या एका स्नेह्यांमुळे. निवृत्त शिक्षक आहेत. निपाणी-चिकोडी भागातल्या तंबाखूच्या वखारी, १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन, मराठी-कानडी मिसळून बोलणारी घरे यांवर त्यांच्या वह्या भरल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आपल्या गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची निदान तरतूद तरी आहे. सीमाभागातल्या मराठीला तेवढाही आधार नाही. तेव्हा असले लिखाण जपायचे ते लिहिणाऱ्यानेच.

मग फुकटच्या जागेवर का ठेवू नये? ठेवावे, पण केवळ तिच्या भरवशावर राहू नये. याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद केले, तेव्हा लोकांनी हौसेने मांडलेली असंख्य पाने गेली. काही स्वयंसेवकांनी उतरवून घेतली तेवढीच वाचली. फुकट राहणाऱ्याला घरमालकाशी भांडता येत नाही.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे सरळ चाळ. एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे आणि नळ सामाईक. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपले पान रेंगाळते. वैयक्तिक लिखाणाला एवढे चालते. 'अनलिमिटेड' या शब्दाला मात्र भुलू नये. देवनागरीतले एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. या हिशेबाने चारशे शब्दांचा लेख १० किलोबाइटच्या आत बसतो आणि हजार लेख १० मेगाबाइटच्या आत. जुनी छायाचित्रे धरली तरी एक-दोन जीबी पुष्कळ झाले. शिवाय जागा अमर्याद म्हणणारे अनेकजण फाइलींच्या संख्येची मर्यादा अटींत घालून ठेवतात.

पाहायचे ते वेगळेच. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. दुसऱ्या वर्षी तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणून तीन वर्षांची बेरीज करून तुलना करावी. बॅकअप कोण घेतो आणि तो आपल्याला उतरवून घेता येतो का, हे विचारावे. डेटाबेस युनिकोडमध्ये आहे ना, याची खात्री करावी. नाहीतर बिऱ्हाड हलवताना मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे डोमेन. ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावे. संगणकाच्या दुकानातल्या मुलाच्या नावावर नको, मग तो कितीही भला असो. डोमेन आपले असेल तर होस्टिंगवाला बदलला तरी वाचकाचा पत्ता बदलत नाही. पैसे भरायचे राहिले, तर सवलतीची मुदत उलटल्यावर तेच नाव कोणीही विकत घेऊ शकतो.

माझ्या मते खरी अडचण पैशांची नाहीच. लिहिणारा गेला की नूतनीकरण थांबते आणि वीस वर्षांचे लिखाण पुसले जाते. विमा उतरवताना आपण वारस लिहितो, संकेतस्थळाचाही लिहावा. पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख घरातल्या एकाला ठाऊक असावी, एक प्रत पेनड्राइव्हवर असावी आणि पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवावीत. त्याला पैसे पडत नाहीत. एवढे केले तर चाळीतली सर्वात स्वस्त खोलीसुद्धा चिकोडीच्या वह्यांना पुरेशी आहे.