हजार मिलिग्रॅमची दिवाळी

फराळावर वाटेल तितकी टीका करा, मी निमूटपणे ऐकून घेईन. चकली मऊ पडली म्हणा, अनारसा तुपात हसला म्हणा, लाडू फोडायला बत्ता आणा म्हणा; दिवाळीत एवढे बोलण्याचा हक्क प्रत्येक पाहुण्याला आहे. पण फराळाच्या जागी कोणी गोळ्यांच्या डब्या आणून ठेवल्या, की माझा संयम सुटतो.

गेल्या वर्षी वसुबारसेला माझा भाचा आला. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. पगार चांगला आणि स्वभाव त्याहून चांगला. त्याने सोनेरी कागदात गुंडाळलेली एक पेटी टेबलावर ठेवली. आत कडबोळी नाहीत, चिरोटे नाहीत. तीन डब्या! एक पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांची, एक चघळायच्या गोळ्यांची आणि तिसरी नातवंडांसाठी, अस्वलाच्या आकाराच्या जेलीची. पहिल्या दोन डब्यांवर आवळ्याचे आणि संत्र्याचे रसरशीत चित्र आणि खाली ठळक आकडा : १००० मिलिग्रॅम.

"मामा, इम्युनिटीसाठी आहे. रोज एक घ्यायची. विसरू नका हं."

मी चौतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. तेव्हा माझी बायको म्हणते त्याप्रमाणे, समोरच्याचा आनंद घालवायची मला विद्या आहे. मी चष्मा लावला आणि डबीच्या मागची बारीक अक्षरे वाचू लागलो. तेव्हापासून जे डोक्यात घोळते आहे, ते आज कागदावर उतरवतो.

आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपल्या आजीला ठाऊक होती. ह्या व्यापाऱ्यांनी तीही सुधारली आहे; ते आवळ्याचे नुसते चित्र देतात आणि कोहळा घेऊन जातात.

जीवनसत्त्व क हे थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही. ते किती खरे आहे हे समुद्राला विचारावे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने 'सॅलिस्बरी' जहाजावर स्कर्व्हीने हिरड्या सडलेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती जोडी आठवड्याच्या आत सुधारली. इतके स्वच्छ उत्तर मिळूनही सबंध आरमाराला लिंबाचा रस मिळायला १७९५ साल उजाडले. सरकारी फाइल तेव्हाही अशीच चालत होती! पुढे हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी ह्यांनी हे द्रव्य वेगळे काढले, ढबू मिरचीच्या जातीच्या पाप्रिकेतून ते भरपूर मिळवले, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बकरी हे द्रव्य आपल्या शरीरातच तयार करते. माणसाला ती कला साधत नाही, त्याला ते खावेच लागते.

पण लिंडने काय सिद्ध केले ते नीट पाहा. ज्याच्या अंगात हे द्रव्य उरलेले नाही, त्याला ते दिले की तो बरा होतो. ज्याच्या अंगात ते पुरेसे आहे, त्याला आणखी दिल्याने तो आणखी बरा होतो, हे लिंडने कुठेही दाखवलेले नाही. हंडा भरला की वरून ओतलेले पाणी मोरीत जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेली रोजची शिफारस पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे. एवढे पोटात गेले तर त्याचा बहुतेक भाग शरीर शोषून घेते. एकदम हजार घातले तर निम्म्याहून कमी शोषले जाते, आणि त्यातलेही जास्तीचे मूत्रपिंड बाहेर टाकते. म्हणजे माझ्या भाच्याने सोनेरी कागदात गुंडाळून जे दिले, त्याचा मोठा भाग पुणे महानगरपालिकेच्या गटाराला दिवाळीची भेट म्हणून जाणार होता.

हे हजाराचे वेड काढले कोणी? दुर्दैवाने एका थोर माणसाने. लायनस पॉलिंग हे नाव मी वर्गात आदराने घेत असे. १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि १९६२ सालचे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके एकट्याने मिळवणारा हा पुरुष. ह्या पॉलिंगनी १९७० साली पुस्तक लिहून जगाला सांगितले, की रोज हे जीवनसत्त्व भरपूर घ्या आणि सर्दी विसरा. स्वतः ते रोज कित्येक ग्रॅम घेत. दोन नोबेलवाल्याचे कोण ऐकणार नाही? पण सर्दीला नोबेल कळत नाही. पुढे अनेक प्रयोग झाले; त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक माणसांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१३ साली मांडला गेला. निष्कर्ष असा, की रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी तितक्याच वेळा होते. ती टिकते मात्र थोडी कमी : मोठ्यांत शेकडा ८, मुलांत शेकडा १४. सात दिवसांचे पडसे असले तर वर्षभर गोळ्या खाऊन मोठ्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो. आणि नाक गळू लागल्यावर जो धावत दुकानात जातो, त्याला बहुधा तेवढेही मिळत नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कवायत करणारे सैनिक अशांना मात्र सर्दी निम्म्याने कमी झाली. आमच्या सोसायटीत बर्फात कवायत करणारा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

मग आले २०२०. तेव्हा आपण सगळेच भ्यालो होतो; त्या भीतीला मी हसणार नाही. मी स्वतः चार दुकाने फिरून दोन पाकिटे आणली होती, हे कबूल करतो. पण २०२१ साली ह्याच गोळीची, रोज आठ हजार मिलिग्रॅम देऊन, घरी उपचार घेणाऱ्या कोविडच्या रुग्णांवर परीक्षा झाली, आणि फायदा दिसण्याची आशा नाही म्हणून प्रयोग मध्येच थांबवावा लागला. साथ ओसरली. भीतीचा माल मात्र दुकानात राहिला, आणि आता तो सोनेरी कागदात येतो.

"फुकट तर फुकट, अपाय तर नाही ना?" असे भाचा म्हणाला. सगळे हेच म्हणतात. स्वीडनमध्ये तेवीस हजार पुरुषांवर सुमारे अकरा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ह्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. फसफसणाऱ्या काही गोळ्यांत एकेकीमागे दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असते; रक्तदाबापायी लोणच्याची फोड वर्ज्य केलेले आमचे शेजारी तो पेला मोठ्या श्रद्धेने रिकामा करतात. थॅलेसिमियामुळे ज्याच्या शरीरात लोह साचते, अशा मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही 'निरुपद्रवी' गोळी देऊच नये. शिवाय मोठ्या मात्रेने घरच्या काही साखर-यंत्रांचा आकडाही चुकतो. आणि ते अस्वल? ते साखरेचे आहे.

आता दुसऱ्या पंथाकडे वळतो, कारण तेही माझ्यावर खूष होऊ नयेत अशी माझी इच्छा आहे. हे म्हणतात, कारखान्यातले नको, 'नैसर्गिक' घ्या. आणि चौपट किंमतीची आवळ्याच्या अर्काची बाटली घरी आणतात. अहो, कारखान्यातला क आणि आवळ्यातला क हा एकच रेणू आहे. शरीर त्याला गोत्र विचारत नाही. फळाची थोरवी त्याच्याबरोबरच्या तंतूंत, रसात आणि चवीत आहे, आणि नेमके तेच बाटलीत शिरताना बाहेर राहते. आवळ्याचे आकडेही जपून घ्यावेत. शंभर ग्रॅममागे जुन्या कोष्टकात ६०० मिलिग्रॅम, तर २०१७ च्या कोष्टकात अडीचशेच्या आसपास. पण वाद कशाला? पेरूत दोनशेच्या वर आहे. एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची बेगमी होऊन वर उरते. भाजी चिरून तासन्‌तास उघडी ठेवली किंवा उकळून पाणी ओतून दिले, तर मात्र ह्यातले पुष्कळ जाते. पोह्यांवर आयत्या वेळी लिंबू पिळणाऱ्या आपल्या बायकांनी हे कोणत्याही संशोधनाशिवाय ओळखले होते. शिवाय त्या लिंबाने पोह्यांतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत ५७ रक्तक्षयी निघाल्या, तेव्हा ही मदत लहान समजू नये.

इथवर मी नुसता चेष्टेने बोललो असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. संक्रांतीला माणदेशात अक्काकडे गेलो, आणि चेष्टा संपली.

अक्का म्हणजे ह्याच भाच्याची आई, माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच. सकाळ-संध्याकाळ मिशरी. दात चार उरलेले. तिळगूळ तिने हातात घेतला आणि बाजूला ठेवला. हिरड्यांतून रक्त येत होते. पायावर आपटल्याशिवाय निळे डाग पडले होते. "म्हातारपण रे," म्हणाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला विचारले, आजी, फळ कधी खाल्ले? तिला आठवेना. पेरू चावत नाही, लिंबाने तोंड झोंबते, उन्हाळ्यात भाजी मिळत नाही. भाकरी, आमटी आणि चहा ह्यांवर वर्ष काढलेले. डॉक्टरांनी मिशरी बंद करायला सांगितली आणि महिनाभराची साधी, स्वस्त क जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली. सबंध पट्टीला दोन चहांचे पैसे पडले.

साठीपुढच्या पाच हजारांवर माणसांचे रक्त तपासून २०११ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले आहे. उत्तर भारतात शंभरातल्या ७४ जणांत आणि दक्षिणेत ४६ जणांत ह्या जीवनसत्त्वाची उणीव निघाली. तंबाखू, चुलीचा धूर आणि निकृष्ट आहार ह्यांच्याशी तिचा संबंध दिसला. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण अक्काचे स्वयंपाकघर मला त्यात ओळखू आले. माझा राग गोळीवर नाही, हे तिथे मला कळले. जिथे पेरूची टोपली असते तिथे गोळी सोनेरी कागदात येते, आणि जिथे हिरडीतून रक्त येते तिथे तिचे नावही कोणी काढत नाही. राग ह्याचा आहे. ओढून बिडी पिणारा, दारूत जेवण विसरणारा, डायलिसिसवर असलेला, एकट्याने चहा-पावावर राहणारा वृद्ध, ह्यांना डॉक्टरांना विचारून जरूर द्या. साधी गोळी घ्या, शंभर-दोनशेची पुरे. पाचशेचीच मिळाली तर डॉक्टर म्हणतील तितके दिवस. दिवसाला दोन हजारांच्या वर तर कोणत्याही बहाण्याने जाऊ नका. बाकी डबीवरचे संत्रे पाहण्याऐवजी मागची अक्षरे वाचा. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर, हे औषध नव्हे, अशी सूचना तिथेच कुठेतरी दडलेली असते.

अक्काच्या हिरड्या तीन आठवड्यांत सावरल्या. मिशरी एक वेळेवर आली आहे. तीही सोडते म्हणते, पण ते ती तीस वर्षे म्हणते आहे.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, यंदा दिवाळीला काय आणू?"

"माझ्याकडे नंतर ये," मी म्हटले. "आधी आईकडे जा. जाताना पिकलेले मऊ पेरू घे, चमच्याने कुस्करता येतील असे. आणि एक चांगली किसणी घे. आवळा किसून दिला की ती खाते. पण तिची किसणी मोडली आहे, आणि ती कोणाला सांगणार नाही."