मैत्रीला लागणारे तास

बदलापूरच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या अकरावीतल्या मुलाच्या कानात इयरफोन असतात, पण गाणं लागलेलं असतंच असं नाही. कुणी बोलायला येऊ नये, एवढ्यासाठीच ते घातलेले असतात. विचारलंच तर तो सांगेल, वर्गातली पोरं फालतू आहेत, ग्रुपवाले सगळे दिखाऊ आहेत आणि शिकवणारे नुसत्या पाट्या टाकतात. घरचे त्याला तुसडा म्हणतात आणि विषय संपवतात.

विषय तिथे संपत नाही. मराठी वाचकाला हा मुलगा 1963 पासून ओळखीचा आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, पोरांना स्वतःच्या पैशांनी चहा पाजतो, मेसचा कारभार अंगावर घेतो आणि गोत्यात येतो. जगाची टर उडवणारी त्याची भाषा पिढ्यानपिढ्या पोरांनी उचलली. पण धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेव्हा त्या भाषेखालचं दुःख उघडं पडतं. त्याच्या तिरकसपणावर हसून झाल्यावर ती पानं पुन्हा वाचावीत. ज्याला माणसं नकोच असतात, त्याला एका माणसाच्या जाण्याने एवढं लागत नाही.

सांगवीकरला निदान होस्टेल होतं. न आवडणारी माणसंसुद्धा रोज जेवायला समोर असायची. बदलापूरच्या मुलाकडे तेवढंही नाही. दहावीपर्यंतचे मित्र अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पांगतात. कुणी उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजात, कुणी कल्याणला बिर्ला कॉलेजात, कुणी डोंबिवलीत. त्यातून कॉलेजचा अभ्यासही क्लासातच उरकणारा ‘इंटिग्रेटेड’ क्लास असेल, तर कॉलेज नावापुरतं उरतं. ना वर्ग, ना कॅन्टीन, ना कट्टा.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, खरी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. तेही एकत्र काम करण्याचे नव्हेत, तर रिकामटेकड्या सहवासाचे. क्लासच्या दोन बॅचमधल्या दहा मिनिटांच्या गप्पांनी 200 तास भरायला 1200 दिवस लागतील. बारावी त्याच्या कितीतरी आधी संपते.

शहरंही या तासांच्या आड येतात. 1949 मध्ये उल्हासनगर वसलं, तेव्हा फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं लष्करी छावणीच्या बराकींत एकमेकांना खेटून राहिली. हाल होते, पण सोबत होती. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये 97,948 होती, ती 2011 मध्ये 1,74,226 झाली. नवी कुटुंबं आली ती बंद दारांच्या फ्लॅटमध्ये. आईवडील मुंबईच्या नोकरीसाठी 68 किलोमीटरची लोकल धरतात आणि रात्री परततात. अंबरनाथच्या नव्या संकुलांतही चित्र वेगळं नाही. मोठ्यांना निदान गाडीतला ग्रुप मिळतो, वाढदिवसाचा केक कापायला आणि आरती म्हणायला. मुलाला रिकाम्या घराची किल्ली मिळते.

हा एकटेपणा केवळ आपल्याकडचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 13 ते 29 वयोगटातले 17 ते 21 टक्के लोक एकाकीपणा अनुभवतात आणि त्यांत किशोरवयीन मुलांचं प्रमाण सर्वाधिक आहे.

म्हणून आईवडिलांना कळकळीची विनंती आहे. ‘मित्र कर’ असं मुलाला सांगू नका, त्यासाठी लागणारा वेळ द्या. क्लास निवडताना निकालाच्या जाहिरातीइतकंच मुलाचं कॉलेजात बसणं होणार आहे का, तेही विचारा. संध्याकाळचा एखादा क्लास कमी करून त्याला मैदानावर, ढोलपथकात, ट्रेकला जाऊ द्या. आणि तो जेवण, झोप, बोलणं सगळंच टाकू लागला, तर वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.